तीन शब्दांचा मथळा

वृत्तपत्राचे आयुष्य मोठे अल्प असते. सकाळी ते मानाने घरात येते, दुपारपर्यंत घरातील सर्वांच्या हातांतून फिरते, सायंकाळी घडी होऊन कोपऱ्यात पडते आणि महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसते. ज्या मथळ्यावर सकाळी तावातावाने चर्चा झाली, त्याच मथळ्याच्या पुडीत चार दिवसांनी शेंगदाणे बांधले जातात. तरीही एखाद्या दिवसाचा अंक या नियमाला अपवाद ठरतो. तो जपला जातो, चौकटीत बसवला जातो, संग्रहालयात ठेवला जातो. गमतीचा भाग असा, की असा मान दर वेळी अचूक बातमीलाच मिळतो असे नाही. वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात सर्वाधिक प्रसिद्धी पावलेल्या मथळ्यांपैकी एक मथळा सपशेल खोटा होता. तो ३ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील 'शिकागो डेली ट्रिब्यून' या दैनिकात छापला गेला. त्यात अवघे तीन शब्द होते : 'ड्युईंकडून ट्रुमन पराभूत'.

प्रत्यक्षात झाले होते ते नेमके उलटे. ट्रुमन विजयी झाले होते आणि ड्युई पराभूत. एवढ्या मोठ्या, अनुभवी आणि साधनसंपन्न दैनिकाच्या हातून असे कसे घडले, याची कथा जितकी विनोदी तितकीच विचार करावयास लावणारी आहे.

दोन उमेदवार

हॅरी ट्रुमन हे मिसुरी राज्यातील शेतकरी कुटुंबातले. महाविद्यालयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर १९१९ मध्ये त्यांनी कॅन्सस सिटी येथे सैन्यातील एका मित्राच्या भागीदारीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले. युद्धोत्तर मंदीत ते १९२२ मध्ये बंद पडले. अशा वेळी दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. परंतु ट्रुमन यांनी तो पत्करला नाही. पुढे कित्येक वर्षे ते दुकानाची देणी फेडीत राहिले. व्यापारात अपयश आले तरी पत जाऊ द्यावयाची नाही, हा त्यांचा बाणा होता. जानेवारी १९४५ मध्ये ते उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि अवघ्या ८२ दिवसांनी, १२ एप्रिल १९४५ रोजी, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाल्याने अचानक राष्ट्राध्यक्षपदी आले. रूझवेल्ट यांच्यासारख्या वटवृक्षानंतर हे रोपटे काय टिकणार, असे त्यांच्या पक्षातील लोकही उघडपणे म्हणत.

त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस ड्युई हे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर. गुन्हेगारी टोळ्यांच्या म्होरक्यांना तुरुंगात धाडणारे सरकारी वकील म्हणून त्यांनी मोठे नाव कमावले होते. वय ४६, व्यवस्थित कातरलेल्या मिशा, नीटनेटका पोशाख, घोटीव आवाज. टीकाकार मात्र त्यांना लग्नाच्या केकवर उभ्या केलेल्या नवरदेवाच्या बाहुल्याची उपमा देत, आणि ही उपमा त्यांना जन्मभर चिकटली.

पक्षांची स्थितीही अशीच विषम होती. ट्रुमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची त्या वर्षी तीन शकले झाली. एक गट हेन्री वॉलेस यांच्या मागे डावीकडे गेला, दक्षिणेतील दुसरा गट स्ट्रॉम थर्मंड यांना घेऊन वेगळा झाला, आणि उरलेला पक्ष ट्रुमन यांच्या वाट्यास आला. त्यापूर्वी १९४६ मध्ये कायदेमंडळाची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाने जिंकली होती. ज्या घरात तीन चुली मांडल्या गेल्या आहेत त्या घरास शेजारी कर्ज देत नाहीत, तसेच काहीसे ट्रुमन यांचे झाले होते.

भविष्य सांगणाऱ्यांचा बाजार

निवडणुकीपूर्वी 'न्यूजवीक' या साप्ताहिकाने देशातील ५० नामांकित राजकीय वार्ताहरांना विचारले, की जिंकणार कोण? पन्नासच्या पन्नास जणांनी ड्युई यांचे नाव घेतले. एकानेही, निदान वेगळेपणासाठी म्हणून का होईना, ट्रुमन यांचे नाव घेतले नाही. हा अंक राष्ट्राध्यक्षांच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्यांच्या एका साहाय्यकाने तो कोटाखाली लपवला होता, असे सांगतात. ट्रुमन यांनी तो मागून घेतला, वाचला आणि या पन्नास जणांना व्यवहाराचे काडीचे ज्ञान नाही, अशा आशयाचा शेरा मारून बाजूला ठेवला.

मतचाचण्या घेणाऱ्यांचा आत्मविश्वास तर याहून दांडगा होता. एल्मो रोपर यांनी ९ सप्टेंबरलाच जाहीर केले, की निकाल इतका स्पष्ट आहे की पुढे आकडे प्रसिद्ध करण्यात अर्थ नाही. गॅलप यांच्या अखेरच्या अंदाजात ड्युई यांना ४९.५ टक्के आणि ट्रुमन यांना ४४.५ टक्के मते दाखवली होती. गॅलप हे काही सामान्य नाव नव्हते. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवून, वीस लाखांहून अधिक उत्तरे मोजून, रूझवेल्ट हरणार असे भाकीत केले होते. ते रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले आणि दोन वर्षांत ते नियतकालिकच बंद पडले. त्या वेळी अगदी थोड्या माणसांना विचारून अचूक उत्तर देणारे गॅलप रातोरात प्रसिद्ध झाले होते. दुसऱ्याच्या फजितीतून मोठा झालेला मनुष्य बारा वर्षांनी स्वतः त्याच खड्ड्यात पडावा, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल.

सर्वांत खरी चाचणी मात्र कोणाच्या खिजगणतीत नव्हती. कॅन्सस सिटीतील स्टेली मिलिंग कंपनी शेतकऱ्यांना पक्ष्यांचे खाद्य विकत असे. तिने पोत्यांवर दोन चित्रे छापली : काहींवर डेमोक्रॅटिक पक्षाचे गाढव, काहींवर रिपब्लिकन पक्षाचा हत्ती. ज्याला जो पक्ष प्रिय त्याने ते पोते घ्यावे. सुमारे २० हजार शेतकऱ्यांपैकी ५४ टक्क्यांनी गाढवाचे पोते उचलले. हे आकडे मोठमोठ्या तज्ज्ञांच्या आकड्यांशी जुळेनात. तेव्हा आपलेच काहीतरी चुकत असावे, असे समजून कंपनीने सप्टेंबरमध्ये ती मोजणी थांबवली! दुकानदाराने गिऱ्हाईकावर विश्वास ठेवण्याऐवजी तज्ज्ञावर ठेवला आणि हाती आलेले सत्य गोदामात टाकून दिले.

गाडीच्या मागच्या डब्यातून

ट्रुमन यांच्याजवळ पैसा नव्हता, वृत्तपत्रे नव्हती. होती ती रेल्वेगाडी. 'फर्डिनांड मॅगेलन' नावाच्या खास डब्यातून त्यांनी देशभर हजारो मैलांचा प्रवास केला. लहानसहान स्थानकांवर गाडी थांबे. ट्रुमन मागच्या सज्जात येऊन दहा मिनिटे साध्या भाषेत बोलत. मग पत्नीची ओळख 'या आमच्या मालकीणबाई' आणि कन्येची ओळख 'या मालकीणबाईंच्याही मालकीणबाई' अशी करून देत. लोक हसत, गाडी सुटे. कायदेमंडळाला त्यांनी 'काहीही न करणारे कायदेमंडळ' असे नाव दिले आणि तेच गावोगावी सांगितले.

ड्युई यांच्या गाडीचे नावच 'व्हिक्टरी स्पेशल' होते. विजय आधीच गाडीवर लिहिलेला असल्याने तो मिळवण्याची घाई त्यांना नव्हती. चुकीचे काही बोलू नये म्हणून ते काहीच न बोलण्याची दक्षता घेत. लुईव्हिलच्या एका वृत्तपत्राने त्यांच्या सर्व भाषणांचे सार चार वाक्यांत काढले : शेती महत्त्वाची आहे, आपल्या नद्यांत मासे विपुल आहेत, मोकळीक नसेल तर स्वातंत्र्य नाही, आणि आपला भविष्यकाळ आपल्यापुढे आहे.

ऑक्टोबरमध्ये इलिनॉय राज्यातील एका लहान स्थानकावर ड्युई बोलण्यास उभे राहताच त्यांची गाडी चुकून थोडी मागे, गर्दीच्या दिशेने सरकली. कोणास इजा झाली नाही. परंतु संतापलेल्या ड्युई यांनी ध्वनिक्षेपकावरूनच इंजिनचालकाला वेडा ठरवले आणि त्याला गोळीच घातली पाहिजे, असे म्हटले. लगेच क्षमा करत असल्याचेही सांगितले. परंतु बाण सुटला होता. थोड्याच दिवसांत रेल्वे कामगारांनी मालगाडीच्या डब्यांवर खडूने 'वेडे इंजिनचालक ट्रुमन यांच्या पाठीशी' असे लिहिण्यास सुरुवात केली. हे डबे देशभर हिंडले. असा प्रचार पैसे देऊनही मिळाला नसता.

छापखान्यातील अडचण

आता त्या रात्रीच्या शिकागोकडे वळावे. आपल्या शीर्षस्थानी 'जगातील सर्वश्रेष्ठ वृत्तपत्र' असे अभिमानाने छापणारे 'ट्रिब्यून' हे कर्नल रॉबर्ट मॅकॉर्मिक यांच्या मालकीचे, कडवे रिपब्लिकन दैनिक होते. त्या वेळी त्यांच्यापुढे एक संकट होते. नोव्हेंबर १९४७ पासून जुळाऱ्यांचा संप चालू होता. लायनोटाइप यंत्रे बंद होती. मजकूर टंकलेखन यंत्रावर लिहायचा, त्याचे कागद चिकटवून पान तयार करायचे, त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि त्यावरून छपाईचा ठसा करायचा, असा द्राविडी प्राणायाम रोज चाले. यात कित्येक तास जात. परिणामी, पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा पुष्कळ आधी छापण्यास सोडावी लागे.

मंगळवार, २ नोव्हेंबर रोजी मतदान झाले. पहिल्या आवृत्तीची वेळ झाली तेव्हा थोड्याच राज्यांतून आकडे येऊ लागले होते. व्यवस्थापकीय संपादक लॉय मलोनी यांना मथळा तर द्यावयाचा होता. त्यांनी वॉशिंग्टनमधील ज्येष्ठ प्रतिनिधी आर्थर सियर्स हेनिंग यांच्या मतावर भिस्त ठेवली. हेनिंग यांनी मागील वीस वर्षांतील पाचपैकी चार निवडणुकांचे निकाल अचूक सांगितले होते. त्यांनी निःशंकपणे सांगितले : ड्युई. चार वेळा खरे ठरलेल्या मनुष्यास पाचव्या वेळी कोण अडवणार? संपूर्ण पान व्यापणारा मथळा तयार झाला आणि यंत्र सुरू झाले. बातमीत कायदेमंडळाची दोन्ही सभागृहेही रिपब्लिकन पक्षाकडेच राहणार, असे ठोकून दिले होते. प्रत्यक्षात ती दोन्हीही डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली. म्हणजे चूक एका शब्दाची नव्हती, चांगली सविस्तर होती.

रात्र चढू लागली तसे आकडे बदलू लागले. हेनिंग आपल्या मतावर ठाम होते. अखेर पुढील आवृत्तीत तो मथळा काढून इलिनॉय राज्यातील पदांवर डेमोक्रॅटिक पक्षाने मिळवलेल्या सरशीचा मथळा घालावा लागला. एकाच दैनिकाच्या एकाच दिवसाच्या दोन आवृत्त्या एकमेकींना खोट्या पाडीत होत्या. तोपर्यंत पहिल्या मथळ्याच्या सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडल्या होत्या. त्या विक्रेत्यांकडून आणि घराघरांतून परत गोळा करण्यासाठी माणसे धावली. प्रत खपावी म्हणून आयुष्यभर धडपडणाऱ्या वृत्तपत्रावर, खपलेली प्रत परत मागण्याची वेळ आली.

त्याच दिवशीचे इतर मजकूर

'ट्रिब्यून'च एकटे फसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच सकाळी देशभरातील वृत्तपत्रांत अल्सॉप बंधूंचा स्तंभ प्रसिद्ध झाला. नवा राष्ट्राध्यक्ष सूत्रे हाती घेईपर्यंतचे दहा आठवडे सरकारने कसे काढावे, ही चिंता त्यात व्यक्त केली होती. ड्र्यू पिअर्सन यांच्या त्याच दिवशीच्या स्तंभात ड्युई यांच्यासोबत व्हाइट हाउसमध्ये कोणकोणती माणसे जाणार, याचा परिचय होता. हे स्तंभ मतदानापूर्वीच लिहून पाठवलेले असत. लग्न लागण्याआधीच बारशाची निमंत्रणे वाटण्यासारखा हा प्रकार होता. 'लाइफ' साप्ताहिकाने मतदानाच्या आठवड्यातील अंकात ड्युई यांचे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील नौकेवरचे छायाचित्र छापून त्याखाली 'भावी राष्ट्राध्यक्ष' असे लिहिले होते. 'चेंजिंग टाइम्स' या मासिकाच्या नोव्हेंबरच्या अंकाचा विषय होता, ड्युई काय करणार? याचे उत्तर वाचकांना लवकरच मिळाले : ते न्यूयॉर्कला परत जाऊन गव्हर्नरपद सांभाळणार.

आकाशवाणीचीही तीच गत. एनबीसीचे भाष्यकार कॅल्टनबोर्न रात्रभर सांगत होते, की ट्रुमन बारा लाख मतांनी पुढे आहेत खरे, परंतु ग्रामीण भागातील मते आली की ते हरतील. ट्रुमन स्वतः त्या वेळी मिसुरीतील एक्सेलसियर स्प्रिंग्ज या गावी होते. घराबाहेर जमलेल्या पत्रकारांना चुकवून ते तेथील विश्रामगृहात जाऊन पोहोचले होते. थोडे खाऊन, पेलाभर दूध पिऊन ते लवकर झोपले. मध्यरात्री जाग आल्यावर त्यांनी कॅल्टनबोर्न यांचे निवेदन ऐकले आणि पुन्हा झोपले. पहाटे चारच्या सुमारास सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांना उठवून विजयाची वार्ता दिली. ज्याचे सर्वस्व पणास लागले होते तो निवांत झोपला होता आणि ज्यांचा काहीही संबंध नव्हता ते देशभर जागे होते!

सकाळी अकराच्या सुमारास ड्युई यांनी पराभव मान्य केला. एकूण ५३१ निर्वाचक मतांपैकी ट्रुमन यांना ३०३, ड्युई यांना १८९ आणि थर्मंड यांना ३९ मिळाली. या आकड्यांवरून विजय मोठा वाटतो. परंतु खोलात गेल्यास वेगळेच चित्र दिसते. ओहायो राज्य ट्रुमन यांनी ७,१०७ मतांनी जिंकले, कॅलिफोर्निया १७,८६५ मतांनी आणि 'ट्रिब्यून'चे स्वतःचे इलिनॉय ३३,६१२ मतांनी. ही तीन राज्ये उलटली असती, तर ड्युई यांच्याकडे २६७ मते, म्हणजे आवश्यक २६६ पेक्षा एक अधिक, झाली असती. सुमारे पाच कोटी मतदारांच्या देशात तीस हजारांहूनही कमी माणसांनी आपले मत फिरवले असते, तर तो मथळा खरा ठरला असता आणि आज त्याची आठवणही कोणी काढली नसती.

चूक कोठे झाली?

पुढे समाजशास्त्रज्ञांच्या एका समितीने या फसगतीची रीतसर तपासणी केली. मतचाचण्या घेणाऱ्यांनी मोजणी खूप आधी थांबवली होती. अखेरच्या दिवसांत कुंपणावरचे मतदार कोणीकडे उतरले हे त्यांना कळलेच नाही. शिवाय अमुक पुरुष, अमुक स्त्रिया असा कोटा ठरवून देऊन माणसे निवडण्याचे काम प्रश्न विचारणाऱ्यावर सोपवले जाई. तो साहजिकच सहज भेटणाऱ्या, सुस्थितीतील, नीट बोलणाऱ्या लोकांकडे वळे. शेतात असलेला, कारखान्यात असलेला मनुष्य सुटून जाई. यानंतर शास्त्रशुद्ध यादृच्छिक निवडीची पद्धत रूढ झाली.

हा सुटलेला मनुष्यच निर्णायक ठरला. त्या वर्षी मक्याचे पीक अमाप आले होते. साठवणुकीसाठी सरकारी कोठारे वाढवण्यावर कायदेमंडळाने निर्बंध घातल्याने माल ठेवावयास जागा नव्हती आणि भाव कोसळले होते. दर पोत्यामागे होणारा तोटा शेतकऱ्याला रोज दिसत होता. ट्रुमन यांनी गाडीच्या मागच्या सज्जातून याच प्रश्नावर बोट ठेवले. मोठ्या शहरांतील संपादक परस्परांचे लेख वाचून एकमेकांचे मत पक्के करीत बसले आणि धान्याच्या कोठारात काय चालले आहे, हे पाहण्यास कोणी गेले नाही.

हातातील अंक

४ नोव्हेंबर रोजी वॉशिंग्टनला परतताना ट्रुमन यांची गाडी सेंट लुईस येथे थांबली. कोणीतरी त्यांच्या हाती 'ट्रिब्यून'ची आदल्या दिवशीची ती पहिली आवृत्ती दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उंच धरली. तोंडभर हसणारा विजयी राष्ट्राध्यक्ष आणि त्याच्या हाती त्याच्याच पराभवाचा मथळा, हे छायाचित्र जगभर गेले. योगायोग असा, की त्याच तारखेस इकडे दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीपुढे भारतीय राज्यघटनेचा मसुदा मांडत होते. प्रत्येक प्रौढ नागरिकास एक मत देणारी ती घटना होती. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नावे यादीत आली. त्यांच्या मनात काय आहे हे आधीच सांगू पाहणाऱ्यांची फजिती भारतातही पुष्कळदा झाली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक सर्व अंदाज सत्ताधारी आघाडीच्या बाजूने होते, निकाल मात्र विरुद्ध लागला. अमेरिकेतही ८ नोव्हेंबर २००० च्या सकाळी काही वृत्तपत्रांनी बुश विजयी झाल्याचे मथळे छापले; तो निकाल पक्का होण्यास पाच आठवडे लागले.

५ नोव्हेंबर १९४८ रोजी ट्रुमन राजधानीत पोहोचले, तेव्हा 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या इमारतीवर एक फलक झळकत होता. आपलेच शब्द गिळण्यास आम्ही तयार आहोत, केव्हा वाढायचे ते सांगा, अशा आशयाचा तो मजकूर होता. त्या दैनिकाने पत्रकार व अंदाज वर्तवणारे यांच्यासाठी तशी मेजवानीच योजण्याचे सुचवले. ट्रुमन यांनी नम्रपणे कळवले, की कोणाला खाली पाहावयास लावण्याची आपली मुळीच इच्छा नाही. कॅल्टनबोर्न यांच्या आवाजाची नक्कल मात्र त्यांनी जानेवारी १९४९ मधील एका भोजनसमारंभात केलीच. तेवढा अधिकार त्यांना होता.

ड्युई यांनीही पराभव खिलाडूपणे घेतला आणि पुढे स्वतःवर विनोदही केले. 'ट्रिब्यून'ला हसण्यास अधिक वेळ लागला. बऱ्याच वर्षांनंतर, त्या निवडणुकीच्या पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने, तो चुकीचा मथळा कोरलेला एक स्मृतिफलक ट्रुमन यांना भेट देण्याचे दैनिकाने योजले. परंतु २६ डिसेंबर १९७२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, ट्रुमन यांचे निधन झाले आणि ती भेट त्यांच्या हाती पडलीच नाही.

मथळा छापताना ज्या दैनिकाने काही तासांची घाई केली, त्याच दैनिकाला ती चूक हसून स्वीकारण्यास चोवीस वर्षांचा उशीर झाला. दुकान बुडाल्यावरही देणी फेडणाऱ्या त्या कापडदुकानदाराचे एवढे एक येणे तेवढे कायमचे राहून गेले.